सांपडला

निवृत्तीनंतर शुद्धलेखनाची कामं येतात, ती मी घेते.
लग्नपत्रिका, सोसायटीची घटना,
आणि या वेळी बंडगार्डनजवळच्या एका बंगल्यातल्या
संग्रहालयाच्या पाट्या.
उज्ज्वला शिदोरे म्हणाल्या, इंग्रजी मजकूर तयार आहे,
मराठी करून द्या, प्रत्येकी चाळीस शब्द,
जास्त झाले तर पाटीचा खर्च वाढतो.

पहिल्या दालनात एकोणिसावं शतक तेलरंगात उभं आहे.
कर्नलसाहेब, त्यांचा कुत्रा, कुत्र्याचं नाव सोनेरी अक्षरात.
एक शेटजी, हातात घड्याळ,
गेली दीडशे वर्षं अकरा वाजून दहा मिनिटं.
पर्वतीचं निसर्गचित्र: टेकडी इतकी उंच
की बघूनच दम लागावा,
आणि पायथ्याशी दुथडी भरून नदी, जिथे ती कधीच नव्हती.
चित्रकाराला बहुधा घरची आठवण येत असावी.
यांच्या पाट्या मी तासाभरात संपवल्या.

मग कोपऱ्यातला तो कागद.
वहीच्या दोन पानांएवढा. जलरंग.
एक माणूस हत्तीचा पाय धुतोय.
हत्तीने पाय उचलून धरलाय, नखं मोजता येतात,
बादलीतलं पाणी अजून गढूळ आहे.
कागदावर घडीची फुली:
उभी रेघ हत्तीच्या पोटातून,
आडवी बरोबर माणसाच्या डोळ्यांवरून.
खडकीच्या लढाईनंतर कुणा लेफ्टनंटने
चार घड्या घालून खोगिराच्या पिशवीत सारला होता.
खापरपणतूने पोस्टाने परत पाठवला.
सोबत पत्र नव्हतं, विम्याची पावती होती.

इंग्रजी पाटीवर एवढंच: अक्वायर्ड, अठराशे सतरा.

मी पेन्सिलीने लिहिलं, प्राप्त.
खोडलं. प्राप्त होतो तो आशीर्वाद.
मिळालं? मंडईत भाजी मिळते.
हस्तगत. यात हात तरी आहे,
पण हातात आधी काय होतं, रकाब की तलवार, ते नाही.
संपादन म्हटलं तर दिवाळी अंक वाटतो.
लुटलं. हा शब्दही साहेबाने इकडूनच नेला
आणि नेमका इथे वापरला नाही.

स्टुलावरचे पहारेकरी, दगडू पासलकर, म्हणाले,
"बाई, त्यात काय एवढं? लिहा की, नेलं."

नेलं.
तिकडे उभं राहिलं की आणलं, इकडे उभं राहिलं की नेलं.
तीस वर्षं मी वर्गात क्रियापदं चालवली,
पाय कुठे रोवून बोलायचं ते
कधी अभ्यासक्रमात नव्हतं.

मी खूश होते. चहा झाला.
मग शिदोरेबाईंनी चौकट उलटी केली.
मागे मोडीत एक ओळ, काडीने अक्षर अक्षर दाखवत वाचली:
हत्ती फत्तेजंग, खर्ड्याचे स्वारींत सांपडला.

सांपडला.
एवढा हत्ती,
जणू देवळाबाहेर कुणी विसरलेली छत्री.
आमच्याच कुणा कारकुनाने
बोरू झटकून, ओळीवर वाळू टाकून
तो शब्द लिहिला असेल आणि जेवायला गेला असेल.
वाक्य निर्दोष आहे. मी असते तर पूर्ण गुण दिले असते.

पासलकर हसले नाहीत.
काचेवर बोट टेकवायला बंदी आहे, तरी त्यांनी टेकवलं.
"आणि हा पाय धुणारा? हा पण सापडलेलाच का?"

त्याचं नाव कुठेच नाही.
हत्तीच्या मागोमाग तोही चालत आला असणार,
निजामाच्या मुलखातून, बादली घेऊन.
नाहीतर 'पाय उचल' हे मराठीत सांगून
त्या जनावराने कुणाचं ऐकलं असतं?

अडतीस शब्द झालेत.
नेलं आहे. सांपडला आहे, अनुस्वारासकट.
दोन शब्द उरलेत आणि त्यात हा माणूस बसत नाही.
शिदोरेबाई म्हणाल्या, उद्या बघू.

निघताना मसुद्याचा कागद पर्समध्ये टाकायला
सवयीने मधोमध दुमडायला गेले
आणि बोटं थांबली.
रास्ता पेठेपर्यंत बसमध्ये तो तसाच
सपाट धरून उभी होते.
कंडक्टरला वाटलं, तक्रार अर्ज आहे.